समुद्राची टाकी आणि आठवड्याचा एक फोटो

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या घरी सहा महिन्यांपासून खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. तिचे फोटो तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिले आणि दोन प्रश्न वारंवार विचारले. पहिला, "हे रंग खरे आहेत का हो?" आणि दुसरा, "आम्ही काढला की सगळे निळेच का येते?" चिटणीसांनी सुचवले, याच दोन प्रश्नांवर अर्धा तास बोला. म्हणून आजचा विषय हा. आम्ही म्हणजे घरातले चौघे: आम्ही दोघे, सातवीतली मुलगी आणि आजी. टाकी चौघांची आहे. फोटो एक जण काढतो, नोंद दुसरा लिहितो आणि "मासे आज जेवले का" हे आजी विचारते. तेव्हा जे काही सांगायचे ते चौघांच्या वतीने.

आधी टाकी कशी आहे ते सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर. दगड आणि वाळू गेल्यावर पाणी १६० लिटरच्या आसपास राहते. या पाण्यात दर लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने खास सागरी मीठ घालावे लागते, म्हणजे एका भरणीला साडेपाच किलोच्या वर. पाणी नळाचे चालत नाही, गाळून क्षार काढलेलेच लागते. तापमान २५-२६ अंशांवर ठेवायचे, आणि बडोद्याचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहेच. त्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र आहे, त्याचे वीजबिलही आहे.

आता या टाकीत काय आहे? दोन क्लाउनफिश, ज्यांना मुले निमो म्हणतात. हॅचरीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास हॅचरीत करण्याचे तंत्र आपल्या देशातच विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा आणण्याची गरज नाही. काही गोगलगाई, एक लहान कोळंबी. आणि झोअँथिड, मशरूम, लेदर अशा नावांचे मऊ अंगाचे तीन-चार प्रकार, सर्व बिलासह घेतलेले. झोअँथिडला हात लावायचा झाला तर हातमोजे आणि चष्मा घालूनच. काही जातींत अतिशय जहाल विष असते.

टणक सांगाड्याचे प्रवाळ आमच्याकडे नाही, आणि ते मुद्दाम नाही. आपल्याला पोवळे माहीत असते ते मंगळाच्या अंगठीतले, त्यामुळे प्रवाळ म्हणजे एक प्रकारचा दगड असा आपला समज असतो. प्रवाळ हा प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सर्व प्रवाळे आहेत, सागरी पंखे आहेत, समुद्रघोडे आहेत. ज्या अनुसूचीत वाघ आहे तीच ही. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा 'नैसर्गिक दगड' म्हणून कोणी देऊ केला तरी तो घ्यायचा नाही. आमच्या टाकीतले खडक कारखान्यात बनवलेले आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने परदेशातून येणाऱ्या, आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जिवंत प्राण्यांचीही नोंदणी बंधनकारक झाली आहे. दुकानदार "लई जाओ ने, कंई नथी थतुं" म्हणतो. पण काही झाले तर ते आपल्याला होते, त्याला नाही. शंका असेल तर वनखात्याकडे विचारावे. आणि आपल्या फोटोत काय काय दिसते आहे, हे फोटो चार लोकांना पाठवण्याआधी आपल्याला ठाऊक असावे.

आता फोटोंकडे येतो. टाकी भरली की त्याच संध्याकाळी फोटो काढायचा मोह प्रत्येकाला होतो. त्या दिवशी पाणी ताकासारखे दिसते, कारण वाळूचा भुगा तरंगत असतो. एक-दोन दिवसांत ते निवळते. मग स्वच्छ फोटो येतो. पण त्यात असते काय? पाणी, वाळू आणि दगड. आम्ही तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तेव्हा पुण्याहून उत्तर आले, "मासे कुठे आहेत? एवढा खर्च करून दगड पाळले का?"

मंडळी, हा विनोद आहे, पण नव्या टाकीतले बहुतेक जीव याच विनोदामुळे मरतात. टाकीला मुरावे लागते. विरजण लावल्यावर भांडे हलवायचे नाही, लोणचे घातल्यावर आठव्या दिवशी वाढायचे नाही, तसेच हे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी. हे जीवाणू दगडांवर आणि वाळूत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाण्यात मासा सोडणे म्हणजे धुराने भरलेल्या खोलीत कोणाला तरी बसवणे. फोटोत मासा हवा म्हणून तो आणला, तर फोटो छान येतो आणि मासा आठवड्यात जातो. त्या फोटोत माशाचे हाल दिसत नाहीत, हीच त्या फोटोची अडचण.

म्हणून आम्ही घरात एक नियम ठरवला. फोटोसाठी टाकीत काही आणायचे नाही. टाकीत जे आहे त्याचा फोटो काढायचा. दर रविवारी एक, न चुकता.

आमच्यापैकी एकाची नोकरी राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात आहे. तिथे मेजरमेंट बुक असते. काम कितीही सुंदर झाले तरी त्या वहीत माप नाही तर ते झालेच नाही असे धरतात. ती सवय इथे उपयोगी पडली. रविवारचा फोटो एकाच जागेवरून काढतो. जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली आहे, तिथे तिवईचे पाय ठेवायचे. कॅमेऱ्याची उंची टाकीच्या मध्यावर. वेळ दुपारी चारची, दिवे रोज त्या वेळी जसे असतात तसेच. फोटोबरोबर वहीत चार आकडे: तारीख, तापमान, क्षारता, नायट्रेट. आज असे २६ फोटो आहेत. एकेक पाहिला तर त्यात विशेष काही नाही. ओळीने पाहिले तर टाकीचे चरित्र आहे.

आता तंत्र. आमच्याकडे एक साधा कॅमेरा आणि सगळ्यांचे मोबाईल आहेत. पुढचे बहुतेक सगळे मोबाईललाही लागू आहे.

पहिली गोष्ट काच. आतून चुंबकाच्या घासणीने आणि बाहेरून ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसावी. डोळ्याला न दिसणारा मिठाचा थेंब फोटोत ढगासारखा दिसतो. घासल्यावर पंधरा मिनिटे थांबावे, कारण सुटलेले शेवाळ पाण्यात फिरत असते.

दुसरी गोष्ट कोन. भिंग काचेला अगदी काटकोनात धरावे. हवा, काच आणि पाणी यांतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. तिरपा फोटो काढला की कडा पसरतात आणि कडेला लाल-निळ्या रेघा येतात. महागडा कॅमेराही यावर काही करू शकत नाही. बाजूला ठेवलेला मासा हवा असेल तर कॅमेरा तिरपा करू नये, आपणच दोन पावले सरकावे.

तिसरी गोष्ट प्रतिबिंब. खोलीतले दिवे बंद, टीव्ही बंद, पडदे ओढलेले. फोटो काढणाऱ्याने गडद रंगाचा सदरा घालावा. पांढरा झब्बा घालून फोटो काढला तर माशांच्या मागे आपणच उभे दिसतो. जवळून फोटो घ्यायचा तर काळ्या कापडाला भिंगाएवढे भोक पाडून ते मध्ये धरावे. फ्लॅश कधीच वापरू नये. काचेवर पांढरा गोळा उमटतो आणि मासा दचकून दगडाआड जातो, तो गेला की पाच-दहा मिनिटे बाहेर येत नाही.

चौथी गोष्ट प्रवाह. टाकीत पाणी सतत फिरवणारे पंप असतात आणि त्यांनी मऊ प्रवाळे डोलत असतात. डोलणाऱ्या गोष्टीचा जवळून फोटो हलतोच. म्हणून पंप दहा मिनिटे बंद करतो. कण तळाला बसतात, पाणी स्थिर होते. मात्र त्याच क्षणी मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावायचा. फोटो काढण्याच्या नादात पंप बंदच राहिला तर पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो. आमच्याकडे गजराची जबाबदारी आजीकडे आहे आणि ती गजराच्या आधीच हाक मारते.

पाचवी गोष्ट शटर. मासा पोहत असेल तर सेकंदाच्या १२५ व्या भागापेक्षा हळू जाऊ नये, २५० वा मिळाला तर उत्तम. पंप बंद असताना स्थिर प्रवाळाला ६० वा भाग पुरतो, तोही तिवईवर. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये हे आकडे ठरवता येतात. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर दोष मोबाईलचा नाही. एलईडी दिवे अतिशय वेगाने लुकलुकत असतात, तेच शटरमध्ये पकडले जाते. अशा वेळी शटर थोडे हळू करावे किंवा दिव्याचा उजेड वाढवावा. आणि माशाच्या मागे कॅमेरा फिरवत बसू नये. मासा रोज त्याच वाटेने जातो. वाट पाहून ठेवावी, कॅमेरा तिथे रोखावा आणि तो येईपर्यंत थांबावे.

आता तो निळेपणा. समुद्रात जसजसे खाली जावे तसतसा आधी लाल प्रकाश संपतो. दहा-पंधरा मीटरवर तो जवळजवळ उरत नाही, राहतो तो मुख्यतः निळा. तिथल्या जीवांना तसाच प्रकाश मिळावा म्हणून या टाक्यांवरचे दिवे निळसर असतात. आपला डोळा आणि मेंदू मिळून त्या निळ्याला सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला ते जमत नाही. त्याची निळ्याची वाटी भरून सांडते, लाल-हिरव्याच्या वाट्या अर्ध्याच राहतात, आणि फोटो निळ्या शाईत बुडवल्यासारखा येतो.

यावर तीन उपाय. एक, फोटोपुरता दिव्यातला पांढरा भाग वाढवावा आणि निळा कमी करावा. हा सर्वांत सोपा. दोन, कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स हाताने वर न्यावा, १०,००० केल्व्हिन किंवा कॅमेरा देईल तितका. ज्या कॅमेऱ्यात सोय आहे त्यात पाण्यात एक पांढरा प्लास्टिकचा चमचा धरून, 'हे पांढरे आहे' असे कॅमेऱ्याला शिकवता येते. फोटो रॉ प्रकारात घेतला तर नंतरही सुधारता येतो. तीन, भिंगापुढे नारिंगी फिल्टर. मोबाईलसाठी तो तयार मिळतो. नुसते करून पाहायचे असेल तर गणपतीच्या आराशीत दिव्यांवर लावतो त्या नारिंगी जिलेटीन कागदाचा न चुरगळलेला तुकडा भिंगावर धरावा. फरक लगेच कळतो.

आणि इथे तुमचा पहिला प्रश्न येतो. हे रंग खरे आहेत का?

दोन वर्षांपूर्वी आम्ही जामनगरजवळ नरारा येथे गेलो होतो. कच्छच्या आखातातले हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये झाले, देशातले पहिले. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊन ओहोटीला तिथे चालत जाता येते. घोट्याएवढ्या पाण्यात जिवंत प्रवाळे पाहता येतात. मुलीने पहिले प्रवाळ पाहिले आणि म्हणाली, "एवढेच? हे तर मातकट आहे." खरेच होते. तपकिरी, शेवाळी, मळकट पिवळे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, उन्हात अन्न तयार करून प्रवाळाला देते. तो तपकिरी रंग त्या शैवालाचा, म्हणजे तब्येत चांगली असल्याचा. समुद्र तापला की प्रवाळ हे शैवाल गमावते आणि पांढरेफटक पडते. दिसायला तेव्हा ते स्वच्छ दिसते, पण ते उपाशी असते.

मग मोबाईलवर दिसणारे ते झगझगीत हिरवे, केशरी रंग खोटे का? पूर्ण खोटे नाहीत. अनेक प्रवाळांत अशी प्रथिने असतात जी निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा तांबूस प्रकाश बाहेर टाकतात. निळ्या दिव्याखाली नारिंगी फिल्टर लावला की तेवढेच ठळक दिसते. ते रंग त्या प्राण्यात आहेत, पण आपल्या डोळ्याला दिवसाच्या उजेडात तो प्राणी तसा दिसत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक प्रवाळाचे दोन फोटो ठेवतो, एक पांढऱ्या उजेडातला, एक निळ्या. खाली तसे लिहितो. रंग वाढवणारी पट्टी संगणकावर ओढत नाही. याचे कारण नीती सांगणे हे नाही. रंग वाढवला की तो फोटो तब्येत पाहायला निरुपयोगी होतो. उद्या प्रवाळ फिके पडू लागले तर कळणार कसे?

तब्येत कशी कळते, त्याची दोन उदाहरणे सांगतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वाळूवर तपकिरी धूळ चढली. तिला डायाटम म्हणतात, सूक्ष्म शैवालच ते. प्रत्येक नव्या टाकीत येते आणि जाते. पुढे हिरवे शेवाळ आले. रोज पाहताना वाटायचे की ते सगळीकडे सारखेच वाढते आहे. नवव्या, दहाव्या आणि अकराव्या रविवारचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा दिसले की ते उजव्या कोपऱ्यातच दाट होत होते. तिथे पाणी कमी फिरत होते. पंपाचे तोंड थोडे वळवले, चौदाव्या फोटोत तो कोपरा निवळला होता.

दुसरे, लेदर कोरल. हा प्राणी अळंब्यासारखा दिसतो. अठराव्या ते विसाव्या फोटोत त्याचा घेर किंचित किंचित कमी होत होता. चौघांपैकी एकाच्याही डोळ्याला ते जाणवले नव्हते, कारण रोज पाहणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही. घरातले मूल वाढते ते सुट्टीत आलेल्या मावशीला दिसते, आईला नाही, तसेच. टाकीचे दिवे हळूहळू पूर्ण ताकदीवर येत होते आणि हा वरच्या दगडावर होता. त्याला खाली, थोड्या आडोशाला ठेवले. तेविसाव्या फोटोत तो पुन्हा पूर्ण उमललेला आहे. फोटो नसता तर तो कोमेजल्यावरच कळले असते.

फोटोने आम्हाला 'नाही' म्हणायलाही मदत केली. मुलीला निळी डोरी हवी होती. मैत्रिणींनाही तीच हवी होती. तिची समजूत घालणे सोपे नव्हते, डोळ्यांत पाणी आले होते. तेव्हा रविवारचा एक फोटो छापला आणि त्यावर टाकीच्याच मापाने पूर्ण वाढलेल्या डोरीची कागदी आकृती ठेवली. हा मासा ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. टाकी ९० ची. तीन माशांत लांबी संपली. तिने स्वतः ती आकृती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवली आणि म्हणाली, "ही वळणार कुठे?" विषय तिथेच संपला. फोटोत डोरी फार सुंदर दिसली असती. टाकीत तिचे हाल झाले असते.

नोंद ठेवण्याची ही गोष्ट आपल्या बडोद्याला नवी नाही. ओखामंडळ हा सागरकाठचा मुलूख पूर्वी बडोदे संस्थानात होता. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून तिथल्या सागरी जीवांची पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत प्रसिद्ध झाला. किनाऱ्यापासून इतक्या दूर बसलेल्या राजधानीने आपल्या समुद्रात काय राहते हे विचारले आणि लिहून ठेवले. शंभराहून अधिक वर्षांनी कच्छच्या आखातात काय होते, याचा शोध घेणाऱ्याला ते कागद उपयोगी पडतात. आमची वही म्हणजे तीन फुटी टाकीची वही, तिची त्याच्याशी तुलना नाही. पण सवय तीच आहे: आपल्या ताब्यात जे आहे, ते आहे तसे पाहणे आणि तारखेसह लिहिणे.

ज्यांना टाकी सुरू करायची आहे त्यांनी जरूर करावी, घाई न करता. पहिला फोटो नुसत्या दगडांचा येऊ द्यावा आणि लोकांना हसू द्यावे. ज्यांच्याकडे गोड्या पाण्याची टाकी आहे, कुंडीत तुळस आहे, गच्चीवर चार रोपे आहेत, त्यांनीही एक जागा ठरवून आठवड्याचा एक फोटो काढून पाहावा. तीन महिन्यांनी ते फोटो ओळीने लावावेत. आपण रोज पाहत होतो आणि काय काय पाहत नव्हतो, ते समजेल.

शेवटी एक विनंती. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे आरतीला तुम्ही सगळे याल, टाकीपुढे मुले उभी राहतील, फोटो निघतील. आनंदाने काढा. फक्त फ्लॅश बंद असू द्या आणि काचेवर टिचकी मारू देऊ नका. धूप-उदबत्ती आम्ही दुसऱ्या खोलीत ठेवणार आहोत, कारण टाकीचे यंत्र खोलीतलीच हवा पाण्यात ओढते. डासांची अगरबत्ती आणि फवारे यांचेही तसेच. ज्यांच्याकडे मासे आहेत त्यांनी उत्सवात हे सांभाळावे. वही टाकीशेजारी ठेवलेली असेल, चाळून पाहा, आणि एखादा फरक आमच्या नजरेतून सुटलेला दिसला तर तिथेच पेन्सिल आहे, लिहून ठेवा.

 गणपती बाप्पा मोरया!